कॅन्सरची गाठ आणि तिच्या आजूबाजूची वस्ती

आमच्याकडे गावात कुणाला कॅन्सर निघाला की पारावर बोलणं ठरलेलं असतं. माणूस निभावला तर "त्याचं अंगच दणकट होतं, इम्युनिटी चांगली होती म्हून वाचला", आणि गेला तर "अंगात ताकदच नव्हती बाप्पा". कोरोनानंतर तर इम्युनिटी हा शब्द फवारणीवाल्या पोरापासून ते बुढ्या आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडात बसलाय, आणि पेशंट नागपूरहून पहिली किमो घेऊन घरी आला की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी गुळवेलीचा काढा घेऊन हजर, कुणी पावडरीचा डबा घेऊन हजर, प्रेमानेच आणतात सगळे, त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो.

मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजीच्या लॅबमधे टेक्निशियन आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातला. पेशंटचा जो तुकडा तपासायला येतो त्याचा मेणाचा ब्लॉक करायचा, तो कापायचा, काचेवर घ्यायचा, रंगवायचा, हे माझं रोजचं काम. रिपोर्ट आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम देतात. पण इतकी वर्षं त्या काचा बघून आणि मॅडमला विचारून विचारून, वाचून वाचून, एक गोष्ट मला पक्की कळली आहे ती मोकळेपणाने लिहावीशी वाटते. प्रतिकारशक्तीचा आणि कॅन्सरचा संबंध आहे, फार जवळचा आहे, पण तो जास्त की कमी असा नाहीच. ती गाठीच्या आत पोचली का, आणि पोचून तिथे कुणाच्या बाजूने काम करतेय, हे बघायचं असतं.

आधी काचेवर काय दिसतं ते सांगतो. गालातला तुकडा फॉर्मालिनमधे येतो, मग त्यातलं पाणी काढून मेण भरायचं, ब्लॉक थंड करायचा, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनची पट्टी कापायची. ती पट्टी कोमट पाण्यावर तरंगते, सुरकुत्या गेल्या की काच खाली घालून अलगद उचलायची. रंगवायच्या आधी काचेवर काहीच नसल्यासारखं वाटतं. मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन, म्हणजे जांभळा आणि गुलाबी, आणि मग मायक्रोस्कोपखाली सगळं उघडं पडतं. कॅन्सरच्या पेशी बेटांसारख्या पसरलेल्या, मधे मधे केरॅटिनचे, म्हणजे कातडीतल्या कडक प्रोटीनचे, गुलाबी गोळे. आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला ज्याचं आश्चर्य वाटतं ते म्हणजे ही बेटं सोडून बाकी किती काय काय आहे! गाठ म्हणजे सगळ्या कॅन्सरच्याच पेशी असं नसतंच. त्यात धागे विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट आहेत, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या आहेत, मॅक्रोफेज आहेत, आणि लिम्फोसाइट आहेत, बारीक, गोल, गडद जांभळे ठिपके, जवळजवळ सगळा केंद्रकच. हे ठिपके म्हणजेच आपल्या प्रतिकारशक्तीचे मुख्य शिपाई, त्यातल्या टी-सेल तर कॅन्सरची पेशी ओळखून थेट मारू शकतात.

आता एका काचेवर हे ठिपके बेटांच्या कडेला दाटून बसलेले असतात, काही तर बेटात घुसलेले. दुसऱ्या काचेवर ठिपके आहेत भरपूर, पण बेटाभोवती गुलाबी धाग्यांचा जाड पट्टा आहे आणि ते सगळे पट्ट्याच्या बाहेरच अडकलेले. तिसऱ्या काचेवर शोधून शोधून चार-दोन सापडतात. पहिल्याला हॉट ट्यूमर म्हणतात, तिसऱ्याला कोल्ड, मधल्यात शिपाई दारातच अडवलेले. आणि तिघांच्याही रक्ताच्या रिपोर्टमधे पांढऱ्या पेशी नॉर्मल असू शकतात बरं का, अंगकाठी तिघांची सारखीच दणकट असू शकते. म्हणून मी म्हणतो की वरून बघून कुणाची इम्युनिटी कशी ते सांगू नका.

या आजूबाजूच्या सगळ्या पसाऱ्याला ट्यूमर मायक्रोएन्व्हायर्नमेंट म्हणतात, मी आपलं गाठीची वस्ती म्हणतो. ही गोष्ट नवीन नाही. 1863 मधेच जर्मनीच्या फिर्खोने गाठींमधे पांढऱ्या पेशी असतात हे लिहून ठेवलं होतं. आणि 1889 मधे लंडनच्या स्टीफन पॅजेट नावाच्या सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या 735 बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि विचारलं की हा कॅन्सर लिव्हरमधे आणि हाडांमधेच जास्त का जातो, रक्त तर सगळीकडेच जातं. त्याचं उत्तर होतं बी आणि जमीन. कॅन्सरची पेशी म्हणजे बी, ती सगळीकडे पडते, पण उगवते तिथेच जिथली जमीन तिला मानवते. आपल्याकडे हे कुणाला समजावायची गरज नाही, एकाच पाकिटातली सरकी भारी काळ्या जमिनीत डोबा आणि बरडावर डोबा, पऱ्हाटी दोन वेगळ्या गावची वाटते. फक्त कॅन्सरची बी एक पाऊल पुढे आहे, ती जमीन आपल्या सोयीची करून घेते. रक्तवाहिन्या मागवून घेते, फायब्रोब्लास्टला कामाला लावते, आणि शिपायांना फितवते.

फितवते हा शब्द मी विचार करून लिहिलाय. मॅक्रोफेज ही पेशी मुळात कचरा आणि जंतू खाणारी. पण जखम झाली की तीच पेशी भांडण थांबवून जखम भरायच्या कामाला लागते, नव्या रक्तवाहिन्या, नवे धागे. गाठ तिला सतत जखमेचेच निरोप देत राहते. 1986 मधे हॅरल्ड द्वोराक यांनी लिहिलं होतं की ट्यूमर म्हणजे न भरणारी जखम. मग तुमचीच मॅक्रोफेज गाठीला पोसते. शिवाय रेग्युलेटरी टी-सेल नावाचा एक प्रकार आहे ज्याचं काम इतर टी-सेलना आवरणं, जेणेकरून शरीर स्वतःवरच उलटू नये, त्यांनाही गाठ बोलावून घेते. त्यात ऑक्सिजन कमी, ॲसिड जास्त, साखर कॅन्सरच्या पेशी आधीच ओढून घेतात, अशा जागी आत शिरलेली टी-सेलसुद्धा थकून जाते. आता सांगा, नुसती इम्युनिटी वाढवा म्हटल्याने यातलं नेमकं काय वाढवायचं? मारणारी टी-सेल की आवरणारी? की गाठीला पोसणारी मॅक्रोफेज?

पण ही प्रतिकारशक्ती खरंच कॅन्सरला धरून ठेवते याचे पुरावे मात्र जबरदस्त आहेत. 2001 मधे रॉबर्ट श्रायबर यांच्या टीमने उंदरांवर दाखवलं की लिम्फोसाइट नसलेल्या उंदरांना कॅन्सर जास्त होतात. माणसातलं एक उदाहरण तर मी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. 2003 मधे छापून आलेली केस आहे, एका बाईला मेलानोमा म्हणजे त्वचेचा कॅन्सर झाला होता, उपचार झाले, 16 वर्षं काही त्रास नाही, बरी झाली असंच सगळे धरून. तिच्या मृत्यूनंतर किडन्या दोघांना दिल्या. दोघांनाही तिच्या मेलानोमाचा कॅन्सर झाला. म्हणजे 16 वर्षं त्या पेशी तिच्या अंगात होत्या, तिच्या प्रतिकारशक्तीने त्यांना दाबून ठेवलं होतं, आणि किडनी नाकारली जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती कमी करायच्या गोळ्या चालू असलेल्या शरीरात गेल्या तशा त्या वाढल्या.

आणि पेशंटचं पुढे काय होणार हे या वस्तीवरून किती कळतं? 2006 मधे फ्रान्सच्या जेरोम गॅलों यांच्या टीमने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधे गाठीच्या मधे आणि कडेला कोणत्या टी-सेल किती आहेत ते मोजलं, आणि पेशंट किती जगतो याचा अंदाज त्या मोजणीवरून इतका चांगला आला की नेहमीच्या स्टेजिंगला, म्हणजे गाठ किती मोठी आणि कुठवर पसरली यावरून लावलेल्या अंदाजाला, तो मागे टाकत होता. पुढे 2018 मधे अनेक देशांतल्या 2681 पेशंटवर तेच पुन्हा तपासलं आणि टिकलं. तोंडाच्या कॅन्सरमधे 2005 मधे एक पद्धत आली त्यात तीन गोष्टी बघतात, गाठ कशा आकारात आत घुसतेय, नसांना म्हणजे मज्जातंतूंना वेढतेय का, आणि लिम्फोसाइटची फळी कशी आहे. तुमच्या घरी कुणाचा बायोप्सी रिपोर्ट असेल तर काढून बघा, खालच्या ओळींमधे कुठेतरी लिम्फोप्लाझ्मासायटिक इन्फिल्ट्रेट, म्हणजे लिम्फोसाइट आणि त्यांच्या जातीच्या पेशींची दाटी, असं काहीतरी लिहिलेलं असतं, पुढे माइल्ड, मॉडरेट किंवा डेन्स. सगळे वरचं मोठं अक्षर वाचतात आणि रडायला लागतात, ती ओळ कुणी वाचत नाही. आमच्याच नात्यातल्या एका मामाजींचा आणि त्यांच्या शेजाऱ्याचा, दोघांचाही गालाचा कॅन्सर, स्टेज दोघांची सारखीच लिहिलेली, ऑपरेशन आणि शेक म्हणजे रेडिएशन दोन्ही झालं, मामाजी आज सोयाबीनच्या ढिगाजवळ खाट टाकून बसतात आणि शेजाऱ्याचा वर्षाच्या आत परत आला. गावाने दोघांच्या अंगकाठीवर निकाल लावून टाकला. दोन माणसांवरून मी काही सिद्ध करत नाही, कुणी करूही नये, पण स्टेज सारखी म्हणजे आजार सारखा असं नसतं एवढं तरी घरच्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, शेजारच्या वहिनी अजूनही म्हणतात की "माह्याकडूनच खाण्यापिण्यात कमी पडलं असंन". नाही वहिनी, तुमच्याकडून नाही.

आता खर्र्यावर येतो, कारण वस्ती बिघडणं म्हणजे काय हे आपल्या भागात कॅन्सरच्या कितीतरी आधी दिसतं. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून तो घोटतात, घोटून घोटून पन्नी गरम होते, मग ती पुडी दिवसभर खिशात आणि चिमूट गालात. बहुतेकांना वाटतं वाईट ती तंबाखूच, म्हणून पोरं नुसती गोड सुपारी खातात आणि घरचे सोडून देतात. पण सुपारी एकटीच कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मधे स्पष्ट जाहीर केलंय. सुपारीतलं अरेकोलीन गालाच्या आतल्या फायब्रोब्लास्टला धागे विणायला लावतं, आणि सुपारीत तांबं भरपूर असतं, ते त्या धाग्यांना एकमेकांत पक्कं जोडणाऱ्या एन्झाइमला जोर देतं. म्हणजे धागे जास्त तयार होतात आणि मोडत नाहीत. गाल पांढरट पडतो, बोट फिरवलं की आत दोऱ्या लागतात, तिखट सोसत नाही, ठेच्याचं तर नावच नको, आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आपली तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर समजायचं. मी लॅबमधे बघतो तेव्हा त्या काचेवर कॅन्सर नसतोच, नुसता गुलाबी धाग्यांचा थर, रक्तवाहिन्या चेपलेल्या, वरची कातडी पातळ. पेशंट वीस-पंचवीस वर्षांचं पोरगं असतं.

यातल्या सगळ्यांना कॅन्सर होत नाही. केरळात 66 जणांवर 17 वर्षं लक्ष ठेवलं त्यात 7.6 टक्के लोकांना तोंडाचा कॅन्सर झाला. आणि इथे एक गंमतीची नाही पण विचार करायला लावणारी गोष्ट आहे, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 2013 मधे छापलं की फायब्रोसिसमधून उगवलेला कॅन्सर तरुण वयात येतो, पण मानेतल्या लसिका गाठींमधे (लिम्फ नोडमधे) कमी पसरलेला दिसतो. कदाचित त्या घट्ट, रक्त कमी असलेल्या थरातून बाहेर पडणं कॅन्सरलाही जड जात असेल. म्हणजे जी वस्ती कॅन्सरला जन्म देते तीच त्याला थोडं अडवूही शकते, इतकं हे गुंतागुंतीचं आहे. पण याचा आधार घेऊन कुणी खर्रा चालू ठेवू नका मायबाप, तोंड न उघडणाऱ्या माणसाचा कॅन्सर दिसतच नाही लवकर, भूल द्यायला नळी घालताना डॉक्टरांची तारांबळ उडते, आणि सोडल्यावरसुद्धा ते धागे पूर्ण विरघळत नाहीत.

उपचाराचं बोलू. टी-सेलवर पीडी-वन नावाचा एक ब्रेक असतो, तो 1992 मधे जपानच्या तासुकु होंजो यांच्या लॅबने शोधला, तसाच दुसरा सीटीएलए-फोर, त्यावर अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांनी काम केलं, दोघांना 2018 चं नोबेल मिळालं. कॅन्सरच्या पेशी आणि वस्तीतल्या मॅक्रोफेजही पीडी-एल-वन नावाचं प्रोटीन दाखवून हा ब्रेक दाबून धरतात. इम्युनोथेरपीचं औषध म्हणजे तो ब्रेक सोडवणारी अँटिबॉडी, निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब वगैरे. इथे इम्युनिटी वाढवत नाहीत हे लक्षात घ्या, अडवलेली सोडवतात, आणि कधी कधी ती सुटून थायरॉइड, आतडं, फुफ्फुस यावरही उलटते. डोक्या-मानेच्या कॅन्सरमधे किमोनंतर आजार परत आलेल्या पेशंटवर 2016 मधे निव्होलुमॅबचा मोठा अभ्यास आला. वर्षभर जगणारे 16.6 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेले, पण गाठ खरोखर लहान झाली ती फक्त 13.3 टक्के पेशंटमधे. बाकीच्यांचं काय? बऱ्याच जणांच्या गाठीत सोडवायला टी-सेलच पोचलेल्या नसतात, किंवा दुसरेच ब्रेक लागलेले असतात. म्हणून औषधाआधी पीडी-एल-वनची टेस्ट करतात, आमच्याच ब्लॉकमधून अजून एक पट्टी कापून, आणि त्यातला सीपीएस स्कोअर काढताना कॅन्सरच्या पेशींसोबत आजूबाजूच्या लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेजही मोजतात. मला हे फार आवडतं, शेवटी वस्तीची मोजणी औषधाच्या चिठ्ठीपर्यंत पोचली.

पण किंमत. पूर्ण डोस म्हणजे फार महाग, वावर विकायची पाळी. याच कारणाने मला टाटा मेमोरियलच्या एका कामाचं मनापासून कौतुक वाटतं. त्यांनी आधीपासून ते देत असलेल्या स्वस्त गोळ्या घेतल्या, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब, आणि त्याला निव्होलुमॅबचा फक्त 20 मिलिग्रॅमचा डोस जोडला दर तीन आठवड्यांनी, नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. 151 पेशंट, सगळे पुढे गेलेल्या आजाराचे. वर्षभर जगणारे 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर. बरे झाले असं नाही म्हणत मी, मिळालेला वेळही सरासरी काही महिन्यांचा, पण तेवढ्या महिन्यांत पोरीचं लग्न होतं, नातू बघायला मिळतो. आणि त्या गोळ्यांतली सेलेकॉक्सिब म्हणजे साधी दुखण्याची गोळी, ती प्रोस्टाग्लँडिन कमी करते, आणि प्रोस्टाग्लँडिन हे गाठीत टी-सेलना दाबणारं एक मोठं हत्यार आहे, म्हणजे तिथेही वस्तीवरच काम चाललंय. स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणून खाऊ नका मात्र, किडनी आणि हार्टला त्रास होतो.

कार-टी सेल थेरपीबद्दलही, म्हणजे पेशंटच्याच टी-सेल बाहेर काढून, कॅन्सर ओळखतील अशा बदलून परत सोडायच्या त्या उपचाराबद्दलही, लोक विचारतात, आयआयटी बॉम्बे आणि टाटाची भारतीय कार-टी 2023 मधे मंजूर झाली तेव्हापासून. ती काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, गालाच्या गाठीसाठी नाही, कारण ती ज्या खुणेवरून कॅन्सरची पेशी ओळखते ती खूण गालाच्या कॅन्सरवर नसते, आणि शिवाय पुन्हा तेच, गाठीच्या वस्तीत अशा पेशींना टिकणं अवघड जातं.

मग घरच्यांनी काय करायचं. काढ्याचा आग्रह सोडा, गुळवेलीने लिव्हर सुजल्याच्या केसेस कोरोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी छापल्या आहेत, आणि किमोमधे लिव्हर बिघडली तर किमोची तारीख पुढे जाते. त्यापेक्षा अंडी, डाळ, दूध, गिळता येत नसेल तर नळीतून का होईना पण पोटात जाऊ द्या, वजन उतरलं की प्रतिकारशक्तीचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. शेक सुरू व्हायच्या आधी किडलेले दात दाखवून घ्या. रक्त कमी असेल तर डॉक्टरांना सांगा, गाठीत ऑक्सिजन कमी असला की शेकाचा परिणाम कमी होतो. शेक चालू असताना बिडी ओढली तरी तेच. खर्रा तर आता झालाच आहे कॅन्सर मग काय सोडायचा, असं म्हणून चालू ठेवतात काही जण, तसं करू नका, उरलेल्या गालातही तीच वस्ती तयार होत असते आणि दुसरा कॅन्सर तिथे निघतो.

आणि सुई लावली, तुकडा काढला की पसरतो ही भीती डोक्यातून काढा. तुकडा काढल्याशिवाय आत काय आहे ते कळणारच नाही. गालात पंधरा दिवसांत न भरणारं काही असेल तर कापूस वेचणी संपायची वाट बघू नका, दिवाळीत दाखवायचं ते संक्रांतीला दाखवायला आलेले लोक मी दरवर्षी बघतो आणि तेवढ्यात गाठ खोल गेलेली असते. गावाजवळच्या पीएचसीत म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीच्या वरच्यांचं तोंड तपासतात, तिथे जा. ज्यांचा रिपोर्ट हातात आहे त्यांनी पुढच्या खेपेला डॉक्टरांना सरळ विचारा की गाठ किती मिलिमीटर खोल होती, मज्जातंतूंपर्यंत गेली होती का, लिम्फोसाइट कसे दिसले, आणि आजार परत आलेला असेल तर सीपीएस टेस्ट आणि कमी डोसची इम्युनोथेरपी आपल्याला लागू पडते का. ब्लॉक बहुतेक लॅबमधे जपून ठेवलेला असतो, नवीन तुकडा काढायची गरज पडेलच असं नाही, अर्ज देऊन तो मागता येतो.